फुकटातली भट्टी

टाकाऊ वस्तूंतून लोहारकामाची भट्टी बनवायची असेल, तर तापलेल्या लोखंडाला भिण्याचे कारण नाही. भ्यावे ते टाकाऊ वस्तूंच्या मालकांना. वर्षानुवर्षे कोपऱ्यात गंजत पडलेला तुकडा, आपण ‘हा मिळेल का?’ असे विचारताक्षणी मौल्यवान होतो, आणि ‘कशाला हवा?’ या प्रश्नाला खरे उत्तर दिले की दुर्मीळ होतो.

ऐरोलीतल्या आमच्या बैठ्या घरामागे धुणे वाळत घालण्यापुरते अंगण आहे. तिथे लोणारी कोळशावर चालणारी छोटी भट्टी मांडावी, असे मी ठरवले. आग धरून ठेवणारे भांडे, त्याला आतून मातीचे अस्तर, वारा आत सोडणारी नळी आणि वारा घालणारा भाता, एवढाच तिचा संसार असतो.

भांडे म्हणून टेम्पोचा जुना ब्रेक ड्रम उत्तम, कारण तो बिडाचा, जाड आणि मधोमध भोक घेऊनच आलेला असतो. तुर्भ्याच्या बाजूला एका गॅरेजमागे असा ड्रम पालथा पडलेला होता आणि त्यावर बसून एक पोरगा चहा पीत होता. मी भाव विचारताच पोरगा उठला, मालक बाहेर आले, ड्रम सुलटा झाला, फडक्याने पुसला गेला आणि ‘अजून लाखभर किलोमीटर चालेल, साहेब’ अशी हमीही मिळाली. मला तो एक इंचही चालवायचा नाही, असे मी सांगून पाहिले. ‘मग तर झिजणारच नाही,’ असे म्हणून त्यांनी भाव कायम ठेवला.

अस्तरासाठी शाडू माती गणपतीच्या एका कारखान्यातून आणली. हंगाम संपला होता, भाव मात्र हंगामातलाच होता. नुसती शाडू वाळताना तडकते, त्यात वाळू आणि राख मिसळा, हा मूर्तिकारांचा सल्ला मात्र अचूक निघाला. ओल्या अस्तरावर एकदम जाळ केला, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन पोपडे उडतात, म्हणून ते सावलीत सावकाश वाळवावे लागते. आणि खाडीकाठच्या दमट हवेत सावकाश वाळणे म्हणजे काय, हे इथल्या कुठल्याही टॉवेलला विचारावे.

या साऱ्या खटाटोपात आपणहून फुकट मिळालेली वस्तू एकच, ती म्हणजे नळाच्या जुन्या लाइनचा जी. आय. पाइप. तो प्लंबरने आनंदाने दिला आणि नेमका तोच निरुपयोगी ठरला. त्यावर जस्ताचा मुलामा असतो, जस्त ९०७ अंशांना उकळते, कोळशाची भट्टी त्याच्या बरीच वर जाते आणि तो धूर छातीत गेला की थंडीताप भरतो. काळा, बिनमुलाम्याचा पाइप शेवटी पैसे मोजूनच घ्यावा लागला. ऐरणीसाठी एका हितचिंतकाने रुळाचा तुकडा ‘पाहून देतो’ म्हटले होते. परंतु रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ पासून स्वतंत्र कायदा आहे, हे शेजारच्या काकांनी मला कुंपणावरून, सर्व गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. मी लाकडी ओंडक्यात घणाचे डोके ठोकून बसवले.

भाता म्हणून मुलीचा केस वाळवण्याचा ड्रायर होता. त्याची तार जळाल्याने त्यातून नुसता गार वारा येई, म्हणजे तो माझ्या कामाला आदर्श होता. ‘बाबा, तो मी दुरुस्तीला टाकणारच होते,’ असे ती म्हणाली. कधीपासून, ते विचारण्याचा धीर मला झाला नाही. नव्या ड्रायरचे पैसे मुकाट्याने दिले.

लोणारी कोळसा हलका असतो, त्यामुळे पूर्ण वारा सोडला की तडतडत ठिणग्या उडतात. त्या काकांच्या बनियनपर्यंत पोचू नयेत, म्हणून ड्रायर पाइपला चिकटवून न धरता थोडी फट ठेवावी लागते. मग जुनी कानस, जिची सुरी मी घासून तयार केली होती, हळूहळू काळपट तांबडी आणि मग केशरीकडे झुकणारी होते. दोरीला बांधलेले चुंबक मी तिच्याजवळ नेत होतो. लोखंडाची चुंबकाशी असलेली ओढ ७७० अंशांच्या आसपास संपते. तोवर झेपावणारे चुंबक एकाएकी ओळख विसरल्याप्रमाणे सरळ लोंबकळत राहिले, आणि मी आणखी थोडी तापवून सुरी कोमट तेलात बुडवली. तेलाचा भपकारा गल्लीच्या टोकापर्यंत गेला. काकांनी खिडकी लावली, पण पडदा उघडा ठेवला.

पाणी दिलेले, म्हणजे तापवून असे एकदम थंड केलेले पोलाद कडक होते, पण आपटले तर तुकडे होण्याइतके ठिसूळही. तो ठिसूळपणा काढायला ते पुन्हा साधारण २०० अंशांवर, गवताच्या काडीसारखा पिवळसर रंग चढेपर्यंत, तासदीडतास ठेवावे लागते. एवढी स्थिर उष्णता भट्टीत सांभाळणे कठीण; ती घरात फक्त केकच्या ओव्हनमध्ये मिळते, आणि ओव्हन बायकोचा आहे. मी विषय शक्य तितक्या शास्त्रीय भाषेत मांडला.

तिने सुरीचा वास घेतला. ‘ओव्हनला हा वास लागला,’ ती म्हणाली, ‘तर तो भंगारात निघेल आणि तुलाच घ्यावा लागेल. भाव मी सांगेन.’

मी सुरी साबणाने धुवायला घेतली.