‘भंगारातले पार्ट कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. १९६७ ते ७२ च्या शेव्हरले सी-१० पिकअपचा गंजलेला पत्रा बदलण्यावरच्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. नवे पार्ट घरपोच मिळत असताना भंगारयार्ड पालथं घालायला सांगणं म्हणजे जुन्याचा हट्ट, हा पहिला. केबिनचे मागचे कोपरे वेल्ड करायला सांगितले पण पेट्रोलच्या टाकीचा उल्लेखच नाही, हा दुसरा.

दुसरा पूर्ण मान्य, आणि चूक गंभीर आहे. या गाडीत टाकी केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे असते; म्हणजे ठिणग्या उडतात तिथून हातभर अंतरावर. टाकी रिकामी केली तरी आत वाफ उरते आणि भडका वाफेचाच होतो. म्हणून आधी बॅटरी सोडवा, मग भरणनळी, पेट्रोलची नळी आणि पेट्रोल दाखवणाऱ्या काट्याची वायर काढून टाकी वर्कशॉपच्या बाहेर ठेवा. लेखात ही सूचना आता सगळ्यात वर घातली आहे.

पहिल्या आक्षेपाशी अर्धाच सहमत आहे. कोपरे आणि दाराखालची पट्टी, म्हणजे रॉकर, नवेच घ्या. पुढच्या काचेखालच्या जाळीत पाला साचतो, पाणी खांबातून रॉकरमध्ये उतरतं, खालची भोकं मातीने बुजतात आणि पत्रा आतून कुजतो. भंगारातल्या गाडीतही पाण्याची वाट तीच, त्यामुळे तिचा रॉकरही बहुधा तसाच निघतो.

दारं, मडगार्ड आणि बोनेट यांचं गणित वेगळं. हे बोल्टवर बसतात, आणि नव्या नकली पार्टची कड किंवा गोलाई जरा जरी चुकली तरी फट सारखी येत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना, न्यू मेक्सिकोसारख्या कोरड्या भागातला मूळ पार्ट पोचे असले तरी घ्यावा. रबर उन्हाने गेलेलं असेल, पण पत्रा शाबूत असतो. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून खालच्या १५ सेंटिमीटरवर फिरवा. पकड सैल झाली की समजा, आत लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे. वर्षही बघा: १९६७ च्या मडगार्डला बाजूच्या मार्कर दिव्याचं भोक नाही, १९६८ पासून आहे. १९६९ पासून बोनेटचं नाक बदललं, ते आधीच्या ग्रिलशी जुळत नाही.

रॉकर बदलताना बहुतेकांचं काम बिघडतं ते घाईने. दोन्ही बाजू एकदम कापल्या की केबिन खचते आणि दार लागेनासं होतं. दाराच्या चौकटीत २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप आडवा-तिरपा टाका आणि एका वेळी एकच बाजू उघडा. जुने स्पॉट, म्हणजे वेल्डचे ठिपके, ८ मिलिमीटरच्या ड्रिलने फक्त वरच्या पत्र्यापुरते काढा. नवा रॉकर क्लॅम्पवर धरून दार बसवा, लावून बघा, फट वरपासून खालपर्यंत सारखी आली की मगच वेल्डचे टाके मारा. कोपऱ्याच्या जोडाला ०.६ मिलिमीटरची वेल्डिंगची तार वापरा आणि दर २५ मिलिमीटरवर एक टाका द्या. पुढचा टाका शेजारी नाही, लांब मारा. सलग ओढलंत तर पत्र्याला लाट येते, ती मग लांबीनेच झाकावी लागते.

रंगानंतर रॉकरमध्ये पोकळीत मारायचं मेण फवारा. ते सुकलं की खालच्या प्रत्येक भोकातून तार फिरवा, कारण मेणानेही भोकं बुजतात.