पद्मिनीचा जीर्णोद्धार

दसऱ्याच्या संध्याकाळी दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक येते, तेव्हा कोल्हापुरातल्या हजारो माना एकाच वेळी वळतात आणि आपल्याही घरी अशी एखादी जुनी गाडी असावी, असे प्रत्येकाला क्षणभर वाटून जाते. माझी अडचण एवढीच होती की माझ्या घरी गाडी होती. परसात सीताफळाच्या झाडाखाली, निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेली, वडील गेल्यापासून अकरा वर्षे जागची न हललेली आणि मांजरांच्या तीन पिढ्यांची बाळंतपणे निभावलेली. १९३० च्या दशकातली जर्मन गाडी जर आजही स्वतःच्या चाकांवर मिरवते, तर तिच्याहून चाळीस वर्षांनी धाकटी असलेली आमची पद्मिनी का मिरवू नये, हा तर्क मला २०२३ च्या त्या गर्दीत अत्यंत बिनतोड वाटला. राजघराण्याच्या गाडीमागे मोटारखाना असतो आणि माझ्यापाशी एक डिसमिस, एक पक्कड व दोन पाने आहेत, हा फरक सोने लुटण्याच्या गडबडीत लक्षात आला नाही.

गाडी १९७८ ची. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी आणि मग देवाच्या कौलासारखे कंपनीचे पत्र यावे, अशा काळात वडिलांनी ती घेतली होती. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून हीच गाडी ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून निघत होती. मग ती ‘प्रेसिडेंट’ झाली आणि त्यानंतर चितोडच्या राणीच्या नावाने ‘पद्मिनी’ झाली. सासरी नाव दोनदा बदलले तरी माहेरची माणसे जुन्याच नावाने हाक मारतात, तसे लोक मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. त्या दसऱ्यानंतर आठवड्याच्या आतच मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपल्याची बातमी आली. आईने ती वाचून पदर डोळ्यांना लावला. मला मात्र एवढ्या टॅक्स्या मोडीत निघाल्या म्हणजे सुटे भाग स्वस्त होणार, असा हिशेब सुचला. ते झाले नाहीत. एखादी वस्तू दुर्मिळ झाल्याचे पेपरात छापून येते, तेव्हा तो पेपर ती वस्तू विकणाऱ्याच्या घरीही येतच असतो.

पहिल्या दिवशी मी शिवाजी उद्यमनगरातून एका मेस्त्रींना बोलावून आणले. ते गाडीभोवती एकदा फिरले, चवड्यांवर बसले आणि माझ्या हातातला डिसमिस घेऊन त्यांनी दाराखालच्या पत्र्यावर हलकेच टेकवला. अहो, टोचलासुद्धा नाही. डिसमिस मुठीपर्यंत आत गेला आणि पलीकडून ओंजळभर लालसर भुगा माझ्या चपलेवर पडला.

“पत्रा हाय कुठं सर? ह्यो नुसता रंग हुबा ऱ्हायलाय.”

मी हसलो. मेस्त्री हसले नाहीत. त्यांनी बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिले आणि पुढची दोन वर्षे मला ज्याचा रोज प्रत्यय येणार होता, ते वाक्य उच्चारले. “ह्या गाडीत समद्यांनी एकमेकाला सांभाळून घेतलंय. एकाला नवं केलं की बाकीची रुसत्यात. चालाय लागली म्हंजे झालं, जास्त हात लावू नगासा.”

मी त्यांचे ऐकले असते, तर हा लेख इथेच संपला असता.

गाडी खोलण्याचे काम मी स्वतः करायचे ठरवले, कारण त्यात अक्कल लागत नाही असा माझा समज होता. प्रत्येक भागाचा मोबाइलवर फोटो काढायचा, नट-बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत घालायचे आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवायची, अशी शिस्तबद्ध पद्धत मी आखली. आमच्या घरात श्रीखंडाचे रिकामे डबे कधीही कमी पडत नाहीत. कमी पडते ते भरलेल्या डब्यातले श्रीखंड. डबे भरून मांडणीवर रांगेने लागले, तेव्हा मला एखाद्या संग्रहालयाच्या अधीक्षकासारखे वाटू लागले. पण नट-बोल्ट मी रॉकेलमध्ये धुतले होते, आणि रॉकेल डब्याच्या बाहेर कसे येते हे विज्ञानाला ठाऊक असेल, मला नाही. आठवडाभरात सगळ्या चिठ्ठ्या सुटून खाली पडल्या. आईने त्या नीट गोळा केल्या, एका रबरात बांधल्या आणि “तुझ्या चिठ्ठ्या सांभाळून ठेवल्यात रे” असे सांगून माझ्या हातात ठेवल्या.

सायलेन्सरचा पाइप इंजिनाला जिथे जोडलेला असतो, तिथले नट हा स्वतंत्र विषय आहे. पंचेचाळीस वर्षे तापून, निवून आणि पावसाळे खाऊन नट व स्टड यांचे अद्वैत झालेले असते. मी त्यांवर रोज सकाळी गंज सोडवण्याचे तेल घालत होतो. देवपूजा चुकली असेल, हे चुकले नाही. नवव्या दिवशी एक नट फिरला. लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला आणि त्या आनंदात मी त्याला अर्धा वेढा दिला, तेव्हा कळले की नट फिरत नसून स्टडच तुटून नटासकट माझ्या हातात आला आहे. उरलेला तुकडा इंजिनात, पृष्ठभागाच्या बरोबर दोन सूत खाली, सुखरूप होता. तो काढण्यासाठी मेस्त्रींनी बरोब्बर मधोमध भोक पाडले, त्यात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घातला, आजूबाजूला गॅसची ज्योत फिरवली आणि पाच मिनिटांत तुकडा बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला. तो अजून गरम होता.

यानंतर रुसवेफुगवे सुरू झाले. इंजिन १०८९ सीसीचे, ताकद जेमतेम चाळीस घोड्यांची, आणि त्यांतले बरेच घोडे केव्हाच पांजरपोळात गेलेले. उद्यमनगरात सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन आणि रिंगा घातल्या, हेडचे फेसिंग केले, व्हॉल्व्ह घासले. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली देशातून गेले आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला जपणारे शिसेही त्याबरोबर गेले, म्हणून कठीण धातूच्या नव्या बैठका बसवल्या. इंजिन तरुण झाले आणि त्याची उष्णता म्हाताऱ्या रेडिएटरला सोसेना. रेडिएटर खोलून आतला गाळ साफ केला, तर चार ठिकाणी गळू लागला. म्हणजे इतकी वर्षे तो गाळामुळे तुंबला नव्हता, गाळामुळेच टिकला होता. त्याला झाळून घट्ट केला, तेव्हा पाण्याचा नळ फुटला. नळ बदलला. मग नव्या इंजिनाचा जोर क्लचला झेपेना, म्हणून क्लचप्लेट बदलली. क्लच पकडू लागताच प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस प्रत्येक गिअरला ‘टक’ असा आवाज करून निषेध नोंदवू लागला. एकत्र कुटुंबात थोरल्या सुनेला पाटल्या केल्यावर घरात जे वातावरण होते, ते मी दोन वर्षे बॉनेटखाली अनुभवले. फरक एवढाच की बॉनेटखाली सगळ्यांनाच पाटल्या कराव्या लागल्या.

मधल्या काळात एका मित्राने माझ्या ज्ञानात भर घातली. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून वीस हजार रुपये भरून वेगळी नोंदणी करता येते, मात्र तिच्या मूळ रूपात मोठा फेरफार झालेला नसावा. आमची पन्नाशी २०२८ मध्ये. “नुसती झाकून ठेवली असतीस, तरी आपोआप झाली असती,” असे तो म्हणाला. त्याच्याशी मी सध्या कामापुरतेच बोलतो.

ब्रेकचे मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण आमच्या संसारातला तो सर्वांत कठीण प्रसंग होता, आणि यात मी माझे आजारपण आणि सौ.च्या भावाचे लग्न दोन्ही धरले आहे. चारही चाकांचे व्हील सिलिंडर नवे घातले की ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढावी लागते. एकाने चाकामागे आडवे होऊन निपलला, म्हणजे हवा काढण्याच्या पोकळ स्क्रूला, पारदर्शक नळी लावायची, तिचे दुसरे टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवायचे, आणि दुसऱ्याने आत बसून पॅडल दाबायचे. दाबल्यावर निपल ढिली करायची, बुडबुडे निघाले की आवळायची आणि ती आवळल्यानंतरच पॅडल सोडायचे. आधी सोडले तर काढलेली सगळी हवा परत आत जाते. काम इतके सोपे आहे की त्याला फक्त परस्परविश्वास लागतो.

मी डाव्या मागच्या चाकामागे झोपलो. “दाब!” म्हणालो. तिने दाबले. बुडबुडे आले. आतून आवाज आला, “अहो, सोडू का?” मी ओरडलो, “सोडू नको!” मराठी भाषेची रचनाच अशी आहे की नकार शेवटी येतो, आणि आमच्या सौ. कोणाचेही वाक्य शेवटपर्यंत ऐकत नाहीत. ‘सोडू’पर्यंत ऐकून तिने सोडले. बाटलीतले ऑइल नळीतून सुरकन उलटे चढताना मी डोळ्यांनी पाहिले. मग आम्ही शब्द बदलले. ‘सोडू नको’ऐवजी ‘धर’ म्हणायचे ठरले. हे चांगले चालले होते. तीन चाके झाली. चौथ्या चाकावर, निपल उघडी असताना, स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि पंचवीस वर्षांच्या सवयीने तिचा पाय पॅडलवरून उठला, माणूसही उठला, आणि दार लावल्याचा आवाज माझ्या कानाशी आला. मी “धर, धर” असे ओरडत राहिलो. शेजारचे निवृत्त काका चोर आला असे समजून काठी घेऊन कुंपणाशी आले.

पुन्हा चारही चाके केली. त्या दुसऱ्या फेरीत घाईने उठताना बाटली कलंडली आणि थोडेसे ऑइल महिन्यापूर्वीच रंगवलेल्या मडगार्डवर सांडले. ब्रेक ऑइल रंगाला खाते, हे मी वाचले होते. तळव्याएवढ्या जागेवरचा पांढरा रंग आधी सुरकुतला, मग पापुद्र्यासारखा उचलला गेला, आणि खाली वडिलांच्या वेळचा मूळ फिकट हिरवा रंग दिसू लागला. आईने तो पाहिला आणि “हाच बरा होता,” एवढेच म्हणाली.

इंजिन सुरू झाले तो दिवस मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी शोभा नाही. प्लगच्या वायरी मी एक, दोन, तीन, चार अशा सरळ क्रमाने लावल्या होत्या. जगात सगळीकडे मोजतात तसे. हे इंजिन मात्र एक, तीन, चार, दोन असे मोजते. सेल्फ मारताच कार्बोरेटरमधून असा बार उडाला की सीताफळाच्या झाडावरचे कावळे संध्याकाळपर्यंत परतले नाहीत. वायरी बदलल्यावर, ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटच्या फटीत भाच्याच्या लग्नाची पत्रिका घालून मेस्त्रींनी माप बसवल्यावर, ते चालू झाले. खरोखर चालू झाले. शिलाई मशीनसारखा तोच आवाज होता. आई ओसरीवर आली आणि बराच वेळ उभी राहिली.

२०२५ च्या मे महिन्यात आम्ही तिघे पन्हाळ्याला निघालो. आई पुढे, सौ. मागे, आईच्या मांडीवर भडंगाची पिशवी. शिवाजी पूल ओलांडला, केर्ली मागे पडले. स्टिअरिंगवरचा गिअर लोण्यासारखा पडत होता. वाघबीळ गेल्यावर चढ लागला आणि भर दुपारी, दोन वळणांनंतर, गाडीने आचका दिला, दुसरा दिला आणि ती थांबली. पेट्रोल होते. ठिणगी होती. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा आजच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला टिकेल असा मुद्दाम नवा घातलेला होता. मेस्त्रींना फोन लागेना. मी बॉनेट उघडून आत पाहत राहिलो. बंद गाडीचा मालक दुसरे काही करतही नाही.

“अरे, पंप तापला असेल,” आई आतून म्हणाली. “पेट्रोलची वाफ होते. तुझे बाबा ओलं फडकं ठेवायचे त्याच्यावर. ह्याच चढाला नेहमी बंद पडायची. खणात असेल बघ फडकं.”

समोरचा तो खण गेली कित्येक वर्षे उघडत नव्हता. अख्ख्या गाडीत मी हात न लावलेली तेवढीच एक जागा होती, तीही मेस्त्रींनी दटावून ठेवल्यामुळे. मी डिसमिस घालून झाकण उचकटले. आत घडी घातलेले पिवळे फडके होते, वाळून पापडासारखे कडक झालेले. घरून आणलेले पाणी त्यावर ओतले, ते पंपावर ठेवले, आणि आम्ही सावलीला बसून भडंग खाल्ले. वीस मिनिटांनी पहिल्या सेल्फला गाडी चालू झाली.

खणाचे झाकण मात्र तेव्हापासून बंद होत नाही. प्रत्येक खड्ड्याला ते धाडकन उघडते आणि आईच्या गुडघ्यावर आदळते. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींना दाखवले. त्यांनी ते दोनदा उघडून मिटून पाहिले, बिजागरीवर बोट फिरवले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, “म्हनलं हुतं न्हवं, हात लावू नगासा.”