डिनर शोला टिप किती द्यावी? आधी सुटे नाहीत ना ते बघावं

मंडळी, लाँग वीकेंड आलाय. चार फॅमिलींचा व्हॉट्सॅप ग्रुप निघालाय, हॉट टबवाली केबिन बुक झालीय, इडलीचं पीठ कोण आणणार आणि कुकर कोणाचा यावर ढीगभर मेसेज पडून झालेत, आणि इंडियातून आई-बाबा आलेत त्यांना "इथलं काहीतरी" दाखवायचं म्हणून कोणीतरी हौसेने टेनेसीतल्या पिजन फोर्जच्या डिनर शोची चौदा तिकिटं काढून टाकलीयेत. सगळं ठरलंय. फक्त एक प्रश्न ग्रुपवर कोणीही विचारत नाहीये, तो शो संपून दिवे लागले की चौदाच्या चौदा जणांना एकदम आठवतो आणि मग सगळे बुटांच्या लेस बांधायला लागतात. टिप किती द्यायची?

अजिबात टेन्शन घेऊ नका. इथे इतकी वर्षं काढलेली आपली माणसं या विषयात पीएचडीच्या लेव्हलला पोचलेली आहेत, त्यांचंच ज्ञान तुमच्यापुढे ठेवतोय.

आधी ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. गायिका डॉली पार्टनचा स्टॅम्पीड नावाचा शो घ्या, १९८८ पासून चालू आहे. मध्ये मातीचं रिंगण, भोवती घोड्याच्या नालेच्या आकारात चढत्या रांगा, ३२ घोडे, आणि प्रेक्षकांच्या उत्तर विरुद्ध दक्षिण अशा दोन पार्ट्या पाडून आरडाओरडा. समोरच्या फळीवर एकेक करून सूप, बिस्किट (इथलं, म्हणजे मऊ पावासारखं), अख्खी छोटी कोंबडी, पोर्क, मक्याचं कणीस, बटाटा, शेवटी सफरचंदाचा गोड पदार्थ. काटे-चमचे नाहीत. सूपसुद्धा वाडगा तोंडाला लावून प्यायचं. (बाबा: "बघ, एवढे पैसे घेऊन शेवटी आपल्यासारखंच जेवायला लावतात.") आणि हे सगळं अंधारात, घोडे पळत असताना, भलेमोठे ट्रे सांभाळत अख्ख्या रांगेला वाढत जाते ती सर्व्हर. ती आल्या आल्या हसून स्वतःचं नाव सांगते. ते लगेच विसरून जा. नाव लक्षात राहिलं की टिप वाढते, हा पहिला धडा.

दुसरा म्हणजे तिला पुरेपूर वापरून घ्या. चौदातले पाच व्हेज, ते बुकिंगच्या वेळी सांगितलं नसलं तरी हरकत नाही, ट्रे समोर आला की सांगा. एकीची चतुर्थी आहे हे त्यानंतर सांगा. आजींना पाणी विदाऊट आइस. विदाऊट आइस आलं की म्हणा, वॉर्म वॉटर प्लीज. वॉर्म आलं की आजी बोट घालून बघतात आणि म्हणतात, कोमट आहे गं, कढत नाही का मिळायचं? परत पाठवा. टबॅस्को, म्हणजे तो तिखट सॉस, मागा, मग मिरपूड मागा, मग उरलेली कोंबडी न्यायला डबे मागा, व्हेजवाल्यांनीही मागा कारण मक्याची कणसं उद्या केबिनवर होतीलच. ती दर वेळी "शुअर हनी" म्हणते आणि आई आपल्याकडे वळून म्हणते, "किती गोड बोलते ना रे." बोलू दे. गोड बोलायचेच तर पैसे मिळतात तिला.

म्हणजे किती मिळतात? तिकडे नंतर येऊ. आधी हिशोब कसा करायचा ते बघू, कारण खरी कला तिथे आहे.

साध्या हॉटेलात बिल येतं, त्यावर अठरा-वीस टक्के, विषय संपला. डिनर शोची मजा अशी की बिलच येत नाही! पैसे दोन महिन्यांपूर्वी ऑनलाइन भरलेले, तेव्हाचं दुःख आता विसरलेलं, मग टक्के काढायचे कशावर? समजा तिकीट ७० डॉलर. चौदा तिकिटांचे झाले ९८०. इथली भोळी माणसं सरळ याच्यावर वीस टक्के काढतात आणि १९६ डॉलर येतात, हा आकडा बाबांच्या कानावर चुकूनही जाऊ देऊ नका. काही जण माणशी पाच नाहीतर दहा डॉलर असा ठोक हिशोब धरतात, तोही नको, चौदा पंचे सत्तर.

आपली पद्धत अशी. सत्तर डॉलरमधून घोडे वजा करा, घोड्यांना काही वाढायला लागत नाही. गाणारे वजा, लाइट वजा, तो मधला विनोदी माणूस वजा (तो विनोदी नव्हताच). आता राहिलं जेवण. कॉस्टको या घाऊक दुकानात अख्खी भाजलेली कोंबडी ४ डॉलर ९९ सेंटला मिळते आणि ती याच्यापेक्षा मोठी असते. त्यात एक बटाटा, एक कणीस आणि इकडचं तिकडचं धरून सात डॉलर लावा, तेही आपण उदार आहोत म्हणून. सातावर पंधरा टक्के म्हणजे एक डॉलर पाच सेंट. पाच सेंट सोडून द्या, सुटे कुठे घेऊन बसता. माणशी एक डॉलर, एकूण चौदा. १९६ चे चौदा झाले आणि सगळं गणिताने झालं, कोणी तुम्हाला चिक्कू म्हणूच शकत नाही.

यावर शेजारचा एखादा अमेरिकन म्हणाला की तिकिटात टिप धरलेली नसते, तर तुमच्याकडे हुकमी उत्तर हवं. फ्लोरिडात डिस्नेचा हूप-डी-डू म्हणून शो आहे, १९७४ पासूनचा, तिथे टॅक्स आणि टिप तिकिटातच घेतात. बस्स. आता कुठल्याही राज्यात, कुठल्याही शोला, भुवया उंचावून म्हणायचं, "अच्छा? डिस्नेला तर इन्क्लूडेड होतं." तिथे इन्क्लूडेड होतं म्हणून तिकीटही तेवढं जास्त होतं, हे बोलायचं नाही.

एवढं करूनही कोणाला आतून टोचत असेल, विशेषतः ग्रुपमधल्या एखाद्या नव्याने आलेल्या पोराला, तर त्याच्यासाठी थिअरी आहे. थिअरी म्हणजे, "पगार देणं हे मालकाचं काम आहे, आपलं नाही." हे वाक्य इतकं बरोबर आहे की त्याच्यावर कोणालाच काही बोलता येत नाही, आणि पाकीटही उघडावं लागत नाही. आता तिचा पगार. अमेरिकेत केंद्राचा किमान पगार तासाला ७ डॉलर २५ सेंट, २००९ पासून हललेला नाही. पण टिप घेणाऱ्यांना मालकाने रोख किती द्यायचे? २ डॉलर १३ सेंट. हा आकडा १९९१ चा आहे, मग १९९६ च्या कायद्याने तिथेच गोठवून टाकला. १९९१ म्हणजे आपल्याकडे नरसिंह राव पंतप्रधान झाले आणि मनमोहन सिंगांनी ते बजेट मांडलं ते साल. त्यानंतर आपल्याकडे एसटीडी बूथ गेले, मोबाइल आले, तुम्ही इंजिनियर झालात, एच-वन लागला, ग्रीन कार्डाच्या लायनीत म्हातारे व्हायला लागलात, आणि टेनेसीने स्वतःचा किमान पगाराचा कायदाच केलेला नसल्यामुळे पिजन फोर्जचा मालक अजून कायद्याने २ डॉलर १३ सेंटवर सुटू शकतो.

पण थांबा, याच्यातच आपला फायदा आहे! कायदा असं म्हणतो की टिप धरून ७.२५ होत नसतील तर फरक मालकाने भरायचा. म्हणजे तुम्ही टिप दिलीत तर ती मालकाच्या खिशात गेल्यासारखीच की! टिप न देणं ही एका प्रकारे कामगार चळवळच झाली. हे ग्रुपमध्ये कोणीतरी सांगतंच, बहुतेक करून ज्याच्याकडे टेस्ला आहे तो. फक्त एक बारीकशी अडचण आहे, तो हिशोब एका शोचा नाही, अख्ख्या आठवड्याचा होतो. म्हणजे तुमच्या रांगेने जे दिलं नाही ते मालक भरत नाही, ते शनिवारी ओहायोहून आलेल्या कुठल्यातरी आजी-आजोबांनी दिलेल्या विसाच्या नोटेतून भरून निघतं आणि आठवड्याची सरासरी ७.२५ च्या वर गेली की मालक मोकळा. चळवळ तुमची, वर्गणी ओहायोच्या आजोबांची. याहून सोयीची चळवळ माझ्या तरी बघण्यात नाही.

हीच मंडळी लास व्हेगसला किंवा कॅलिफोर्नियाला गेली की थिअरी बदलायची असते, ते विसरू नका. तिथे, म्हणजे नेवाडा, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्का या सात राज्यांत, टिप बाजूला ठेवून पूर्ण किमान पगार द्यावाच लागतो. तिथे म्हणायचं, "यांना तर पूर्ण पगार मिळतो, मग टिप कशाला?" टेनेसीत पगार नाही म्हणून द्यायची नाही, कॅलिफोर्नियात पगार आहे म्हणून द्यायची नाही. राज्याची बॉर्डर कुठे लागते तेवढं गूगल मॅपवर बघत राहा.

आणि आता नवीन एक सापडलंय. २०२५ च्या जुलैत सही झालेल्या कायद्यात टिपवरच्या टॅक्सची सूट आली, वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंतची टिप उत्पन्नातून वजा, २०२८ पर्यंत. म्हणजे चांदीच की त्यांची! आणि आपण? आपण एवढा टॅक्स भरतो, सोशल सिक्युरिटी (म्हातारपणच्या पेन्शनसाठीची कपात) भरतो जी आपल्याला मिळेल की नाही देव जाणे. हा मुद्दा हॉट टबमध्ये बसून फार रंगतो. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (म्हातारपणच्या आरोग्य विम्याची कपात) त्यांच्याही टिपमधून कापतातच, आणि जिची कमाई मुळातच टॅक्स लागण्याएवढी नाही तिला टॅक्सची सूट देऊन काय मिळणार, असले प्रश्न विचारणाऱ्याला पुढच्या ट्रिपला घ्यायचं नाही.

इतिहासप्रेमी मंडळींसाठी पण आहे. टेनेसीने १९१५ मध्ये चक्क टिपबंदीचा कायदा केला होता! तेव्हा आणखी काही राज्यांनीही केले होते, १९२६ पर्यंत सगळे गुंडाळले गेले. म्हणजे तुम्ही जे करताय ते परंपरेला धरूनच आहे, फक्त शंभरेक वर्षं लेट आहात. मात्र इथल्या उत्तर विरुद्ध दक्षिण यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसांना हॉटेलवाल्यांनी आणि रेल्वेवाल्यांनी बिनपगारी नाहीतर नावापुरत्या पगारावर ठेवून "टिपवर भागवा" म्हणून सांगितलं आणि ही पद्धत इथे पसरली ती अशी, हे शोमध्ये बोलू नका. तिथे आपण नॉर्थच्या बाजूला बसून साउथला हुर्यो करत असतो. मूड जातो.

न्यू जर्सीवाल्यांना टेनेसी लांब पडतं, ते एडिसनहून लिंडहर्स्टच्या मिडीव्हल टाइम्स या राजे-सरदारांच्या थाटाच्या डिनर शोला जातात, त्यांच्यासाठी वेगळा सल्ला. तिथे डोक्यावर कागदी मुकुट घालून बसवतात. एकदा मुकुट चढला की आपण राजे, आणि राजा टिप देतो का? राजा खूश झाला तर शाबासकी देतो. तेवढी द्या, दोन्ही हातांनी टाळ्या वाजवून द्या. तिथल्या घोडेस्वार कलाकारांनी २०२२ मध्ये मतदान करून युनियन केली, टाळ्यांवर भागत नाही असं त्यांचं तेव्हा म्हणणं दिसत होतं, पण वाढणाऱ्यांनी अजून काही म्हटलेलं नाहीये तोवर घाई करू नका. आणि हो, पोरांना लाइट लागणारी प्लॅस्टिकची तलवार मात्र घेऊन द्यायचीच, ती पार्किंगमध्ये पोचेपर्यंत तुटते पण आठवण राहते.

आता प्रत्यक्ष कृती. शो संपत आला की ती काळं फोल्डर ठेवून जाते. त्याच्याकडे बघायचं नाही. सगळ्यात आधी बाबांना पुढे करा. बाबा आयुष्यभर बडीशेपेच्या ताटलीत दहाची नोट ठेवून उठलेत आणि त्या वेळीही आईने "दहा?" असं विचारलेलं आहे. त्यांना कोणीतरी हळूच ते १९६ सांगा (मघाशी नको म्हटलं होतं, आता सांगा, वेळ आलीय), ते मनातल्या मनात सत्त्याऐंशीने गुणतात आणि रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, "सतरा हजार? अरे सतरा हजारात तुझ्या मुंजीचं अख्खं कार्य झालं होतं, वाढप्यांसकट!" आता वडीलधाऱ्यांपुढे तुम्ही काय बोलणार. हात बांधलेले आहेत तुमचे.

कॅश नाहीये म्हणा. "व्हेन्मो चालतं का" (फोनवरून पैसे पाठवायचं अ‍ॅप) असं मात्र तोंडातून काढू नका, बऱ्याचदा चालतं. पोरांना बाथरूमला घेऊन एक जण निघतो, त्याच्या मागे दुसरा, आजींना जिना उतरायला दोघं लागतात, आणि शेवटी ज्याने तिकिटं काढली होती तो एकटा फोल्डरपाशी उरतो. त्याने चौदा डॉलर ठेवायचे, पण नीट, म्हणजे पाचाची नोट वर आणि एकेकाच्या नऊ खाली, गठ्ठा जाड दिसतो. आणि "थँक यू सो मच, यू वेअर अमेझिंग" हे डोळ्यात डोळे घालून म्हणायचं, याला काही पडत नाही. मग चौघांनी मिळून घोड्याबरोबरचे फोटो घ्यायचे, चार फॅमिली चार फोल्डर, तिथे किंमत विचारायची नाही, आठवणींचं मोल नसतं.

रात्री केबिनवर स्प्लिटवाइज हे खर्च वाटायचं अ‍ॅप उघडलं की टिप चौदा डॉलर टाकायची, चार घरं, साडेतीन-साडेतीन. लगेच मेसेज येतो की आम्ही व्हेज आहोत, आमची कोंबडी धरलीच कशी, आमचा बेस कणीस आणि बटाट्याचाच धरा. त्यावर दुसरे लिहितात की डबे तुम्हीच तीन नेलेत दादा, फ्रिजमध्ये बघा. त्यावर वहिनी लिहितात की आजींचं तिकीट सीनियरचं होतं का ते आधी बघा, असेल तर टिपही सीनियरचीच लागते.