‘दार बंद’ करणारी औषधं आणि रेझिस्टन्स: फिरत्या मेसेजला उत्तर

नागपुरात फोनवरून फोनवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: एचआयव्हीला पेशीत शिरूच न देणारी औषधं परदेशात मिळतात. ती विषाणूवर नाही, माणसाच्या पेशीवर बसतात, म्हणून विषाणू कितीही बदलला तरी रेझिस्टन्स (विषाणूनं औषधाला दाद न देणं) येत नाही. मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांच्या एआरटी (एचआयव्हीवरचे उपचार) केंद्रांत मात्र ‘जुन्याच’ गोळ्या देतात, त्या बंद करा आणि ही मागा. यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, त्याच्या आडून बाकीचं खपतं.

‘ही औषधं पेशीवर बसतात.’ सगळी नाही. विषाणूच्या आवरणावरचं जीपी-१२० हे प्रथिन आधी पेशीवरच्या सीडी-४ या ग्राहीला (विषाणू जिथं चिकटतो त्या प्रथिनाला) चिकटतं, मग सीसीआर-५ किंवा सीएक्ससीआर-४ या सहग्राहींपैकी एकाला. शेवटी विषाणूचंच जीपी-४१ हे प्रथिन दुमडतं आणि विषाणूचं व पेशीचं आवरण एक होतं. प्रवेश रोखणाऱ्या औषधांपैकी फोस्टेमसाविर जीपी-१२० वर बसतं, एन्फुव्हिर्टाइड जीपी-४१ वर, म्हणजे दोन्ही थेट विषाणूवरच. पेशीवर बसतात ती मॅराव्हिरॉक (सीसीआर-५ वर) आणि इबालिझुमॅब (सीडी-४ वर).

‘रेझिस्टन्स येतच नाही.’ येतो, चारही औषधांना. एन्फुव्हिर्टाइडला तर फार लवकर: जीपी-४१ च्या साखळीतल्या ३६ ते ४५ क्रमांकांच्या पट्ट्यात एखादा बदलही पुरतो, आणि हे औषध एकटंच दिलं तेव्हा दोन आठवड्यांत असे विषाणू दिसले. इबालिझुमॅबच्या बाबतीत विषाणू जीपी-१२० च्या व्ही-५ भागातली साखर चिकटण्याची जागा गमावतो आणि निसटतो.

मेसेजचा सगळा भार खरं तर मॅराव्हिरॉकवर आहे. सीसीआर-५ माणसाचं, ते बदलत नाही, हे बरोबर. पण विषाणूला तेवढं एकच दार नाही. काही रुग्णांत सीएक्ससीआर-४ वापरणारे विषाणू आधीपासूनच थोड्या संख्येनं असतात. मॅराव्हिरॉकनं पहिलं दार लावलं की दुसऱ्या दारानं येणाऱ्यांना रान मोकळं. औषध निकामी ठरलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांत हेच सापडलं. म्हणून मॅराव्हिरॉक सुरू करण्याआधी ट्रॉपिझम चाचणी (विषाणू कोणतं दार वापरतो ते पाहणारी) लागते. तिची पहिली आवृत्ती १० टक्क्यांहून कमी प्रमाणातले असे विषाणू कधीकधी चुकवायची. २००८ च्या सुधारित आवृत्तीनं ही उणीव बरीच भरून काढली. दुसरी वाट आणखी चिवट आहे: जीपी-१२० च्या व्ही-३ भागात बदल करून विषाणू औषध बसलेलं सीसीआर-५ सुद्धा वापरायला लागतो. अशा वेळी डोस वाढवून उपयोग होत नाही, सीसीआर-५ औषधानं पूर्ण भरलं तरी विषाणू शिरतच राहतो.

यावर काही जण ‘बर्लिन पेशंट’चं उदाहरण देतात: सीसीआर-५ नसलेल्या दात्याच्या मूळपेशी मिळाल्या आणि माणूस एचआयव्हीतून बरा झाला. ते खरं आहे. जर्मनीतल्याच एसेन इथल्या रुग्णालाही तसाच दाता मिळाला, पण एआरटी थांबल्यावर विषाणू सीएक्ससीआर-४ च्या वाटेनं परतला. एसेनचा हा रुग्ण मेसेजमध्ये येत नाही.

‘केंद्रात जुन्या गोळ्या.’ इथं मेसेज लिहिणाऱ्यानं सालं तरी पाहायची होती. अमेरिकेत एन्फुव्हिर्टाइडला मंजुरी २००३ मध्ये, मॅराव्हिरॉकला २००७ मध्ये. केंद्रातल्या टीएलडी गोळीतलं डोल्युटेग्राविर २०१३ चं. या गोळीत टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम असतं, दिवसाला एक. लॅमिव्हुडिनला विषाणू एका बदलानं (एम-१८४-व्ही) दाद देईनासा होतो, पण डोल्युटेग्राविरविरुद्ध रेझिस्टन्स सहज तयार होत नाही.

टीबीचं औषध चालू असेल तर हिशोब आणखी बदलतो. रिफाम्पिसिनसोबत मॅराव्हिरॉकचा डोस ३०० वरून ६०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा होतो. फोस्टेमसाविर तर देताच येत नाही. टीएलडीवर असलेल्याला मात्र १२ तासांनी डोल्युटेग्राविर ५० ची एक जादा गोळी पुरते. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर डोल्युटेग्राविर त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनी घ्यायचं, नाहीतर दोन्ही जेवणासोबत. उपाशीपोटी एकत्र घेतल्यास औषध नीट शोषलं जात नाही.

आणि ‘बंद करा’ हा सल्ला सगळ्यात घातक. प्रवेश रोखणारं औषध नव्या पेशी वाचवतं. ज्या पेशींच्या डीएनएत विषाणू आधीच बसलाय, त्यांना ते हातही लावत नाही. गोळी थांबवली की बहुतेकांचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) काही आठवड्यांत वर येतो. सोबत हिपॅटायटिस बी असेल तर टेनोफोविर-लॅमिव्हुडिन तुटल्यानं यकृताला तडाखा बसू शकतो.

गोळी चालूच ठेवून व्हायरल लोड तपासायचा: सुरुवातीनंतर ६ महिन्यांनी, १२ महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. मिलिलिटरमागे १००० प्रती किंवा वर आला तर आधी डोस कुठं चुकतात ते समुपदेशकासोबत शोधतात, ३ महिन्यांनी पुन्हा तपासतात, आणि तरीही खाली आला नाही तरच औषध बदलण्याचा विचार होतो. शंका असेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारा.