उसाला रोज 20 हजार लिटर? तो मेसेज जसाच्या तसा धरू नका

निपाणी, चिकोडी, अथणी भागातल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘एक एकर उसाला वर्षभर रोज 20 हजार लिटर पाणी लागतं, त्या हिशेबानं मोटार चालवा.’ वर्षभर एकच आकडा धरणं साफ चूक आहे.

हवा त्या दिवशी किती पाणी ओढते आणि पीक किती वाढलंय, यावर गरज ठरते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं 1998 साली उसाचे गुणांक, म्हणजे हवेच्या ओढीला गुणायचे आकडे, दिलेत: सुरुवातीला 0.40, पूर्ण वाढीत 1.25, तोडणीच्या सुमारास 0.75. एकरावर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे 4 हजार लिटर. आता हिशेब घाला. संदर्भ बाष्पोत्सर्जन, म्हणजे हवा दिवसाला ओढते ते पाणी, 5 मिलिमीटर असेल तर 0.40 नं गुणून कोवळ्या उसाला 2 मिलिमीटर, म्हणजे 8 हजार लिटर पुरतं. उन्हाळ्यात ते 6 झालं आणि ऊस डोक्यावर गेलेला असला, की साडेसात मिलिमीटर, म्हणजे 30 हजार. मेसेज पाळणारा आधी अडीचपट पाणी ओततो आणि ऐन गरजेला ऊस तहानलेला ठेवतो. काळ्या रानात सरी तुंबून पिवळी पडलेली लागण बघवत नाही हो.

पाऊस यातून वजा करायचा. खानापूरचा घाटालगतचा पाऊस आणि अथणीचं कोरडं रान एका आकड्यात बसत नाही. पाटानं देताना वाटेत मुरतं, तेवढं जादा धरा. ठिबकला ते कमी.

मोटार लावण्याआधी सरीत वीतभर उकरा. मातीचा ओला गोळा वळत असेल तर त्या दिवशी थांबा.