गणपतराव देशमुख ‘कधीच हरले नाहीत’? आधी आयोगाचा तक्ता उघडा

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे दिवंगत आमदार गणपतराव देशमुख यांच्यावरचा तो मेसेज घरच्या ग्रुपवर पुन्हा आलाय: ‘55 वर्षं सलग आमदार, एकदाही पराभव नाही, मंत्रिपदाला हात लावला नाही, घरातल्या कुणाला राजकारणात आणलं नाही, 11 विजयांचा जागतिक विक्रम, आयुष्यभर एसटीने प्रवास. पक्ष नको, संघटना नको, फक्त माणूस चांगला हवा!’ या वेळी आत्यानेच टाकलाय. आत्याला ग्रुपवर खोडून काढणं जड जातं, म्हणून इथे लिहितोय.

निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर प्रत्येक विधानसभा निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल मिळतो. त्यातला मतदारसंघनिहाय तक्ता उघडायचा आणि सांगोला शोधायचं. 1962, 1967 ला देशमुख विजयी. 1972 ला पडले. पुढे 1978, 1980, 1985, 1990 ला विजयी. 1995 ला शहाजीबापू पाटलांकडून पडले, तेही 192 मतांनी. हो, तेच ‘काय झाडी, काय डोंगार’वाले बापू. मग 1999, 2004, 2009, 2014. हे मोजून दहाच भरतात आणि लगेच कुणीतरी ‘11 हा आकडाही खोटा’ म्हणून दुसरा मेसेज काढतो. अकरावा विजय 1974 च्या पोटनिवडणुकीतला. सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात तो दिसणारच नाही. आता वर्षं मोजा: 1962 ते 72 ची 10, 1974 ते 95 ची 21, 1999 ते 2019 ची 20. फार तर 51, आणि सलग तर नाहीतच.

मंत्रिपद? 1978 च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात होते, 1999 च्या विलासरावांच्या सरकारातही होते. विक्रमाचं म्हणाल तर केरळातले के. एम. माणी एकट्या पाला मतदारसंघातून 13 वेळा निवडून आले. विषय संपला.

एसटीचं मात्र खरं आहे. साधी राहणी, लाल डबा, यात काही खोट काढता येत नाही. पण त्याच खऱ्या ओळीच्या आधाराने बाकीचं सगळं खपवलं जातं.

डोकं फिरतं ते मेसेजच्या शेवटच्या वाक्याने. ‘पक्ष नको, संघटना नको’ म्हणे! आबासाहेब, म्हणजे गणपतरावच, जन्मभर शेतकरी कामगार पक्षात (शेकाप) राहिले. जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा, पेशा वकिलीचा. परक्या तालुक्यात नुसत्या चांगुलपणावर 11 वेळा कोण निवडून देतं? त्यामागे गावोगावचे शेकापचे कार्यकर्ते होते, शेतकरी सहकारी सूतगिरणी होती आणि पाण्याची चळवळ होती. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींसोबत 13 दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद 1993 पासून आटपाडीत भरू लागली. मागणी एकच, कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी भागाला द्या. टेंभू, म्हैसाळ या उपसा योजना. पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवावं लागतं. वीजबिल थकलं की पंप बंद, आणि शेपटाकडच्या सांगोल्याला पाणी सगळ्यात शेवटी. बिलाचा 81 टक्के भार सरकारचा आणि 19 टक्के शेतकऱ्यांचा, हे ठरेपर्यंत पाण्याच्या किती पाळ्या (आवर्तनं) अडल्या असतील! असले प्रश्न एकट्या सज्जन माणसाने एसटीत बसून सुटत नाहीत. त्यासाठी दरवर्षी माणसं जमवावी लागतात, ठराव करावे लागतात, मोर्चे काढावे लागतात. मेसेजवाल्याने नेमकं हेच पुसून टाकलं. उद्या एखादा पोरगा हे वाचून कार्यकर्ता, वर्गणी, सभासद यांतलं काहीही न जमवता फॉर्म भरेल आणि डिपॉझिट घालवून बसेल.

राहिलं घराणं. 2019 ला वयाच्या 93 व्या वर्षी आबा थांबले आणि शेकापने त्यांचे नातू अनिकेत यांना उभं केलं. ते 768 मतांनी पडले, पुन्हा शहाजीबापूंकडूनच. 2024 ला दुसरे नातू बाबासाहेब उभे राहिले आणि जिंकले. त्या निवडणुकीत अख्ख्या महाराष्ट्रात शेकापचा निवडून आलेला आमदार तेवढाच.