४८ तासांचा बहाणा

वेबसाइटच्या पत्त्याच्या नोंदीत काही बदल केला की पडद्यावर झळकणारे ‘बदल लागू होण्यास ४८ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, कृपया वाट पाहावी’ हे वाक्य ज्याने प्रथम लिहिले, त्याचा जाहीर सत्कार करायला हवा, कारण एवढ्या कमी शब्दांत एवढी मोठी जबाबदारी झटकण्याची किमया दुसऱ्या कोणाला साधलेली नाही.

नौपाड्यात आमच्या वहिनी घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेतात. त्यांचे स्वतःचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे विकत घेतलेले नाव, आहे आणि ऑर्डर व पैसे स्वीकारण्यासाठी त्यांनी वर्षाचे पैसे आगाऊ भरून एक तयार ऑनलाइन सेवा घेतली आहे. त्या सेवेने दिलेला पत्ता इतका लांबलचक आणि विचित्र आहे की तो पत्रकावर छापला तर कोणीही टंकण्याच्या फंदात पडणार नाही. म्हणून आपल्याच डोमेनच्या आधी ‘ऑर्डर’ लावून एक उपडोमेन करावे आणि तेवढा सुटसुटीत पत्ता छापून घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांमध्ये पत्रके वाटावीत, एवढाच माफक बेत होता. तांत्रिकदृष्ट्या हे काम एका ओळीचे आहे: डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे कोणते नाव कुठे न्यायचे हे सांगणाऱ्या इंटरनेटवरच्या नोंदवहीत, एक सीनेम नोंद करायची आणि ‘या नावासाठी त्या सेवेच्या नावाकडे पाहा’ असे सांगून मोकळे व्हायचे.

परंतु या सेवेच्या सूचनापत्रकात एकाच नावावर दोन नोंदी मागितल्या होत्या, एक सीनेम आणि दुसरी मालकी सिद्ध करणारी टेक्स्ट नोंद. ज्या नावावर सीनेम आहे त्या नावावर दुसरी साधी नोंद ठेवता येत नाही, हा नियम डीएनएस कसे चालते हे सांगणाऱ्या १९८७ सालच्या आरएफसी १०३४ या मूळ दस्तऐवजातच लिहिलेला आहे. म्हणजे या मंडळींनी ग्राहकाकडे अशी गोष्ट मागितली जी नियमानुसार देताच येत नाही. त्यावर डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या पॅनेलने, म्हणजे या नोंदी जिथे भरायच्या त्या पानाने, काय सांगावे? लाल अक्षरांत ‘अवैध नोंद’ एवढेच. कोणती नोंद, का अवैध, कोणाशी तिचा विरोध येतो, याविषयी अवाक्षर नाही. पॅनेलवाल्यांना विचारले की ते सेवेकडे बोट दाखवतात, सेवेला विचारले की ते पॅनेलकडे, आणि दोघांचेही पैसे भरलेला माणूस मध्ये लोंबकळत राहतो.

बऱ्याच पत्रापत्रीनंतर ‘टेक्स्ट नोंद वगळली तरी चालेल’ असे उत्तर आले. चालणारच होते तर मागितली कशाला? मग सूचनेबरहुकूम ‘नाव’ या रकान्यात उपडोमेनचे पूर्ण नाव चिकटवले. पॅनेलने हिरवी खूण दाखवून ‘नोंद यशस्वीरीत्या जतन झाली’ असे अभिनंदनही केले. प्रत्यक्षात ते पॅनेल दिलेल्या नावामागे मुकाट्याने आपले डोमेन जोडते, त्यामुळे एकाच नावात डोमेन दोनदा आलेली एक निरर्थक नोंद तयार झाली होती. नावाच्या शेवटी टिंब दिले तर ते पूर्ण समजले जाते, ही डीएनएसमधील जुनी रीत आहे. पण त्या रकान्याला टिंबही मान्य नाही. जे पॅनेल आपणहून नाव जोडू शकते, त्याला ते नाव आधीच तिथे आहे हे ओळखता येऊ नये?

आणि आता त्या ४८ तासांविषयी. एकदा मिळालेले डीएनएसचे उत्तर इतर संगणक ठरावीक मुदतीपर्यंत साठवून ठेवतात. डॉट कॉमच्या मुख्य सर्व्हरकडून नेमसर्व्हरची, म्हणजे डोमेनच्या नोंदी सांभाळणाऱ्या सर्व्हरची, जी माहिती मिळते, तिची मुदत १,७२,८०० सेकंद, म्हणजे बरोबर ४८ तास असते. डोमेनचे नेमसर्व्हरच बदलले तर हा आकडा समजण्यासारखा आहे. पण नव्या उपडोमेनचे जुने उत्तर जगात कुठेही साठवलेले नसते, मग विसरण्याची वाट कोणी पाहायची? साठवलेले असलेच तर ‘असे नाव नाही’ हे उत्तर असते, आणि ते का साठते तर सेवेचे पडताळणीचे बटण नोंद अस्तित्वात येण्याआधीच दाबायला लावले जाते म्हणून! हा नकार किती काळ लक्षात ठेवायचा, याची मर्यादा डोमेनच्याच एसओए या मुख्य नोंदीत सेकंदांत लिहिलेली असते. ती वाचून ‘एका तासाने पुन्हा पाहा’ असे सांगणे संगणकाला अवघड नाही. त्याऐवजी पडद्यावर ‘प्रलंबित’ हा शब्द आणि एक गोल गोल फिरणारे चक्र. इकडे वहिनींचा फोन: “भावोजी, प्रेसवाला परत विचारतोय. कुठला पत्ता छापायचा ते एकदाचं सांगा!”

नाव कसेबसे जुळले, तर कनेक्शन सुरक्षित असल्याची ब्राउझरला खात्री देणारे प्रमाणपत्र तयार नाही. आजकाल ही प्रमाणपत्रे मोफत आणि यंत्रामार्फत मिळतात, तरीही सेवेने पडताळणी यशस्वी झाल्याचे कळवल्यानंतर ब्राउझर ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असे बजावत होता. फसवणुकीच्या बातम्या रोज वाचणाऱ्या एखाद्या काकू असा इशारा पाहून चकलीचे पैसे भरतील काय? पत्रके अखेर त्या लांबलचक पत्त्यासह छापली गेली.

ही सेवाच नको, असे वहिनी आता म्हणतात, आणि त्यांचे काहीही चुकत नाही. मात्र खाते बंद करून सीनेम तशीच ठेवली, तर सेवेकडे मोकळे झालेले ते नाव एखादा तिऱ्हाईत आपल्या खात्यात जोडून आमच्याच पत्त्यावर स्वतःचे दुकान थाटू शकतो. म्हणून खाते बंद करण्याआधी मला पुन्हा त्याच पॅनेलमध्ये शिरून ती नोंद काढावी लागेल. सेवा सोडताना ग्राहकाने हे करावे, अशी एक ओळही त्या सूचनापत्रकात नाही. सोडून जाण्याचे कारण निवडण्यासाठी मात्र त्यांनी भली मोठी यादी दिली आहे.